किरकोळ खर्च

आमच्या कुलपावर त्यांनी त्यांचं कुलूप लावलं
सकाळी सव्वाअकराला.
मी नुकता डबा कपाटात ठेवला होता.
परीक्षा विभागात आम्ही सातजण, दोन पंखे,
आणि आठ हजार गुणपत्रिका.
बाहेर डफ, घोषणा, गुजरातीत, हिंदीत,
आणि एक आवाज मराठीत,
अगदी आमच्या दांडिया बाजारातल्या मराठीत:
"काकू, घाबरू नका. पाण्याचा जार पाठवतेय."

माहुरकरांची ऋजुता.
हिच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात.
किल्ली गळ्यात, काळ्या दोऱ्यात,
जिथे तिची आजी ताईत बांधायची.

वसतिगृहाची फी एकदम दुप्पट झाली होती.
वाढ चुकीची, हे मला मान्य.
त्यांनी आधी निवेदनं दिली, एक नाही, तीन,
हेही मान्य,
कारण तिन्हींवर आवकचा शिक्का मीच मारला
आणि तिन्ही कुठल्या फायलीत झोपली आहेत
ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

पण दुपारी दोनला खिडकीच्या गजांशी
भलसिंग राठवा आला,
छोटाउदेपूरहून, पहाटेच्या बसने.
"बेन, आजे छेल्लो दिवस छे."
वनरक्षकाची भरती. पाचला दार बंद.
प्रमाणपत्र माझ्या टेबलावर, सही झालेलं,
शाई वाळलेली.
खिडकीशी पहाऱ्याला एक दाढीवाला पोरगा:
आज एकही कागद बाहेर जाणार नाही, म्हणाला. ठराव झालाय.

मी ऋजुताला हाक मारली.
"काकू, एक सोडला की सगळे सोडावे लागतील.
मग साहेबांना काय फरक पडतो?"
"साहेब गांधीनगरला आहेत, एसीत.
तुम्ही अडवलंय त्याच्या पायात स्लीपर आहे, बघ."
तिने बघितलं. बघितलं, हे मी सांगायलाच हवं.
मग म्हणाली,
"त्याच्या अर्जावरची तारीख वाचा."

वाचली.
बेचाळीस दिवस.

"बेचाळीस दिवस तुम्ही अडवलंत, काकू.
तेव्हा कुणी पोलीस बोलावले नाहीत.
तुमचं कुलूप दिसत नाही, एवढंच."

मला तिथे काही सुचलं नाही.
सुचलं रात्री, खुर्चीत अवघडून झोपताना:
अगं, तुमचे तीन तास आणि आमचे बेचाळीस दिवस
यांची वजाबाकी होत नाही.
बेरीजच होते, आणि ती राठवाच्या नावावर पडते.
पण ती तोवर पायऱ्यांवर झोपली होती,
डफ उशाला घेऊन,
आणि झोपलेल्या पोरीशी काय वाद घालणार.

दुपारचं राहिलं सांगायचं.
मी कागदाची सुरळी केली, गजांतून बाहेर सरकवली.
दाढीवाल्याने हात पुढे केला.
ऋजुता त्याला म्हणाली, "तू जरा चहाचं बघ ना,"
आणि स्वतः पाठ फिरवून घोषणा देत राहिली,
जरा जास्तच मोठ्याने.
राठवा पळाला.
फाटकाशी त्याने मूठ वर केली;
त्यांच्यासाठी, की माझ्यासाठी,
की नुसती रिक्षा थांबवत होता.
तो वेळेत पोचला का, मला आजवर कळलेलं नाही.
वसतिगृहातल्या एकतीस नंबरच्या खोलीचं भाडं मात्र
पुढच्या वर्षी तितकं वाढलं नाही. निम्मंच वाढलं.

निकाल राखून ठेवायच्या यादीत नावं तीन.
मीच टाइप केली.
'ऋ' नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा केला.
पुन्हा केला नसता तरी चाललं असतं.

महिनाअखेर बिल आलं:
कुलूप कापणावळ, रुपये एकशे ऐंशी.
किल्ली म्हणे विश्वामित्रीत टाकली, मगरींना.
किरकोळ खर्चाच्या वहीत कारणाचा रकाना असतो, दीड इंचाचा.
'आंदोलन' लिहावं तर साहेब विचारणार, मान्यता कुणाची?
'गुंडगिरी' लिहावं तर
पाण्याचा जार आठवतो.
पेन धरून मी बराच वेळ बसले.
शेवटी रमणभाई शिपाई टेबल पुसता पुसता म्हणाले,
"लखो ने बेन, काट लाग्यो हतो."

लिहिलं.
कारण: कुलूप गंजलेले.
नवं कोरं होतं, नऊ दिवसांचं.